सरळ केलेले केस आणि पावसाळी हवा

मृग नक्षत्र लागले आणि पेरण्यांची लगबग सुरू झाली की दवाखान्यातील गर्दीचे रूप बदलते. उन्हाळ्यातले ऊन लागणे, घोळणा फुटणे मागे पडते आणि सर्दी-ताप, जुलाब, गजकर्ण यांचे रुग्ण वाढतात. अलीकडच्या काही वर्षांत त्यात एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. "डॉक्टर, लग्नसराईत पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेतले. उन्हाळाभर चांगले राहिले. पाऊस सुरू झाला आणि पुन्हा फुगायला लागले. यावर काही गोळी आहे का?" असे विचारणाऱ्या मुली केवळ जालना शहरातल्या नसतात, भोकरदन, परतूर, घनसावंगीकडूनही येतात.

गोळी नाही, हे प्रथमच सांगतो. परंतु दमट हवेत केस का फुगतात हे एकदा नीट समजून घेतले, तर घरच्या घरी बरेच काही करता येते. आणि जे करता येत नाही ते करण्याच्या हट्टापायी काही जणी स्वतःला अपाय करून घेतात. म्हणून हा विषय केवळ सौंदर्याचा नाही, आरोग्याचाही आहे.

कच्चा टाका आणि पक्की शिवण

आपला केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. केसात या प्रथिनाचे असंख्य सूक्ष्म धागे एकमेकांना बांधलेले असतात. हे बांधणारे टाके मुख्यतः दोन प्रकारचे. एक कच्चा आणि एक पक्का. कच्चा टाका पाण्याने सुटतो आणि केस वाळला की पुन्हा बसतो. पक्की शिवण गंधकाची असते. केस जळाला की जो उग्र वास येतो, तो प्रामुख्याने या गंधकाचा. ही शिवण पाण्याने उसवत नाही. ती उसवायला तीव्र रसायन लागते. केस सरळ की कुरळा, हे मुळाशी असलेल्या बीजकोषाच्या आकारावर आणि या बांधणीवर ठरते.

केस हवेतले पाणी शोषतो, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ होरास द सोस्यूर यांनी माणसाचा केस वापरून हवेतील दमटपणा मोजण्याचे यंत्र तयार केले आणि १७८३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोरड्या हवेच्या मानाने पूर्ण दमट हवेत केस लांबीला सुमारे २ टक्के वाढतो. जाडीत मात्र तो १४ टक्क्यांच्या आसपास फुगतो. भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत पाणी धरून ठेवू शकतो. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. केस फुगला की ही कौले उचलली जातात, एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात आणि सगळे केस पिंजारल्यासारखे दिसू लागतात. ज्या केसाची कौले आधीच रसायनाने किंवा उष्णतेने फुटली आहेत, तो अधिक पाणी ओढतो आणि अधिक फुगतो.

आपला जिल्हा तसा कोरडा. वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर. मे महिन्यातील दुपारची हवा इतकी कोरडी की ओला पंचा पाहता पाहता वाळतो. त्यामुळे आठ महिने जे केस शहाण्यासारखे वागतात, तेच पावसाळ्यात बंड करतात. सुट्टीत मुंबई-कोकणात गेल्यावर पहिल्याच दिवशी केस बिघडण्याचे कारणही हेच.

आपले केस कसे सरळ केले आहेत?

उपाय करण्यापूर्वी हे पाहिले पाहिजे.

पहिला प्रकार घरी किंवा पार्लरमध्ये तापलेल्या मशीनने म्हणजे केसांच्या इस्त्रीने सरळ करण्याचा. यात फक्त कच्चा टाका बदलतो. कडक इस्त्री केलेली सुती साडी दमट हवेत जशी चुरगळते, तसाच हा केस हवा लागताच मूळ वळणावर जातो. यात केसांचा दोष नाही आणि मशीनचाही नाही.

दुसरा प्रकार रिबॉन्डिंगचा. यात थायोग्लायकोलेटसारख्या रसायनाने गंधकाची पक्की शिवण उसवतात, केस सरळ ताणून मशीन फिरवतात आणि दुसऱ्या रसायनाने शिवण पुन्हा घालतात. काही देशांत कॉस्टिक सोड्याची क्रीमही वापरतात. असा सरळ केलेला भाग पावसात पुन्हा कुरळा होत नाही. मात्र केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. एप्रिलमध्ये केस सरळ केले, तर सप्टेंबरमध्ये महालक्ष्म्या बसतात तोपर्यंत मुळाशी ५ सेंटिमीटर म्हणजे दोन इंच नवा केस आलेला असतो आणि तो जन्मजात वळणाचा असतो. दमट हवेत हा नवा भाग फुगतो, खालचा सरळ राहतो. "केस अर्धेच बिघडले" ही तक्रार बहुधा यातूनच येते. जुना आणि नवा केस जिथे मिळतात तो सांधा सर्वांत नाजूक. जोर लावून कंगवा फिरवला की केस नेमका तेथे तुटतो. मुळाकडून गळालेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. तुटलेल्या केसाला ती नसते. केस गळतात म्हणून येणाऱ्या कित्येक मुलींचे केस प्रत्यक्षात तुटत असतात. हा फरक घरीच पाहता येतो.

तिसरा प्रकार केराटिन, स्मूदनिंग अशा नावांनी होणारा. यात केसांवर द्रावणाचा लेप देऊन तो मशीनच्या उष्णतेने पक्का करतात. वरची कौले मिटून राहिल्याने केस काही महिने गुळगुळीत राहतो. प्रत्येक न्हाण्यागणिक हा थर थोडा थोडा जातो. या प्रकाराबद्दल पुढे सविस्तर सांगायचे आहे.

आधी पाणी पाहा

आपल्याकडे बऱ्याच घरांत बोअरचे पाणी वापरतात. खडकातून येणारे हे पाणी अनेक ठिकाणी जड असते. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी केसांनाही त्रासाचे. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात. तो केसांवर बसला की केस राठ होतो. म्हणून अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणाने केस धुऊ नयेत. सौम्य शाम्पूचा असा साका होत नाही.

पावसाळ्यात निसर्ग एक सोय फुकट करून देतो. पहिले एक-दोन पाऊस पत्रा किंवा गच्ची धुऊन निघण्यासाठी सोडून द्यावेत. त्यानंतरचे पाणी स्वच्छ कापडातून गाळून झाकलेल्या बादलीत धरावे. हे पाणी मऊ असते. शेवटची बादली या पाण्याची घेतली तरी फरक दिसतो. मात्र साठवलेले पाणी उघडे ठेवू नये आणि ते लगेच वापरून टाकावे, नाही तर केसांच्या पायी घरात डेंग्यूचे डास व्हायचे.

घरी काय करावे

तेल. न्हाण्याच्या एक-दोन तास आधी केसांच्या मध्यापासून टोकापर्यंत चहाचे दोन चमचे खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये सूर्यफुलाचे तेल, खनिज तेल आणि खोबरेल तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातील प्रथिनाची झीज कमी करण्याचा गुण फक्त खोबरेलात आढळला. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते हे ध्यानात ठेवावे. पण कारण समजण्यासारखे आहे. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो. आत तेल गेले की धुताना केस पाण्याने कमी फुगतो. डोक्यात कोंडा असेल तर तेल टाळूला चोळू नये. कोंड्याला कारण होणारी बुरशी तेलावरच वाढते. स्मूदनिंग नुकतेच केले असल्यास पार्लरने सांगितलेली मुदत संपेपर्यंत तेल लावू नये.

न्हाणे. शाम्पू टाळूला लावावा, केसांच्या लांबीला तो वरून वाहणारा पुरतो. त्यानंतर कंडिशनर फक्त लांबीला लावून दोन-तीन मिनिटांनी धुवावे. पाणी कोमट असावे, कढत नको. शिकेकाई चांगली, पण भरड पूड घासली तर नाजूक केस खरवडतो. ती उकळून, गाळून घ्यावी. खाण्याचा सोडा केसांना लावण्याची टूम कोणी सांगितली तरी ऐकू नये. अल्कलीने कौले अधिकच उघडतात.

वाळवणे. ओला केस ताणला जातो आणि सहज तुटतो. टॉवेलने खसाखसा पुसणे, केसांवर टॉवेल झटकणे या सवयी सोडाव्यात. जुन्या सुती साडीच्या किंवा पंचाच्या तुकड्याने दाबून पाणी टिपावे. पंख्याखाली वाळवावे. जाड दातांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता सोडवावा, मग वर यावे.

बाहेर पडताना. केस पूर्ण वाळल्यावर सिलिकोनयुक्त सीरमचे दोन-तीन थेंब तळहातावर पसरून केसांच्या खालच्या भागाला लावावेत. हवेतील पाणी आत जायला त्याने अटकाव होतो. सीरम नसेल तर खोबरेलाचे दोन थेंब चालतात. भर पावसाळ्यात ज्या लेपात ग्लिसरीन भरपूर आहे तो टाळावा. ग्लिसरीन हवेतले पाणी स्वतःकडे ओढते. थंडीत जे उपकारक, ते श्रावणात उलटू शकते.

बांधणे. पावसाळ्यात मोकळ्या केसांचा हट्ट सोडून सैल वेणी किंवा सैल अंबाडा घालावा. बांधलेल्या केसाला हवा कमी लागते आणि घर्षणही कमी होते. दुचाकीवरून जाताना स्कार्फ जरूर बांधावा, पण भिजलेला स्कार्फ दिवसभर डोक्याला ठेवू नये.

मशीन. केस पूर्ण कोरडा असल्याशिवाय इस्त्री फिरवू नये. ओल्या केसातील पाण्याची आतल्या आत वाफ होते, केसात पोकळ्या पडतात आणि तो तेथे मोडतो. तापमान १८० अंशांच्या वर नेऊ नये. एका ठिकाणी एकदाच फिरवावे. पावसाळी हवेत रोज सकाळी मशीन फिरवणे म्हणजे पावसात अंगण झाडणे. तासाभरात केस पुन्हा फुगतो, नुकसान मात्र कायम राहते. सणासुदीपुरता वापर ठीक आहे.

ओल्या केसांचे दुखणे

शाळा-कॉलेजच्या घाईत मुली ओल्या केसांचीच घट्ट वेणी घालतात. केस सरळ राहावेत म्हणून काही जणी ओले केस चापून बांधतात. आत अडकलेल्या ओलीत बुरशी वाढते. कोंडा आणि खाज वाढते. कधी कधी केसांवर पांढुरक्या, मऊ, बारीक गाठी होतात. त्या लिखांसारख्या दिसतात, पण उवा सापडत नाहीत. हाही एका बुरशीचाच प्रकार असतो. डोक्यात गोल चट्टा पडून केस तुटत असतील, विशेषतः लहान मुलांत, तर ते गजकर्ण असू शकते. त्याला पोटातून औषध घ्यावे लागते. मेडिकलवरून स्टिरॉइडमिश्रित मलम आणून लावल्याने ते दबते आणि पसरते.

बाटलीत काय आहे?

आता मुख्य मुद्दा. पावसात केस फुगले म्हणून अनेक जणी दोन-तीन महिन्यांतच पुन्हा स्मूदनिंग करून घेतात. त्या द्रावणात काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

यातील जुन्या प्रकारच्या द्रावणांत फॉर्माल्डिहाइड असते. पाण्यात विरघळलेल्या फॉर्माल्डिहाइडलाच आम्ही डॉक्टर फॉर्मालिन म्हणतो. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या दालनात ज्याने डोळ्यांतून पाणी येते आणि घसा धरतो, तोच हा पदार्थ. मृतदेह टिकवण्यासाठी तो वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरवले. मशीनच्या उष्णतेने त्याची वाफ होते. पावसाळ्यात पार्लरची दारे-खिडक्या बंद असतात. गिऱ्हाईक ही वाफ वर्षातून एक-दोनदा घेते, पण तेथे काम करणारी मुलगी ती रोज घेते. तिचा विचार कोणीच करत नाही. पार्लर चालवणाऱ्या भगिनींना विनंती की पंखा, खिडकी उघडी ठेवा आणि डोळे चुरचुरणारे द्रावण दुकानात आणूच नका.

"फॉर्माल्डिहाइड नाही" अशी चिठ्ठी बाटलीवर असली म्हणजे निर्धास्त व्हावे असेही नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशीच चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या एका द्रावणाच्या कंपनीला इशारा दिला. त्यात मिथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पाण्यात मिसळलेले फॉर्माल्डिहाइडच, ८ ते १० टक्क्यांच्या घरात निघाले होते.

त्यानंतर कंपन्या ग्लायऑक्झिलिक आम्लाकडे वळल्या. हे निर्धोक मानले जात होते. पण २०२३ मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंड अचानक निकामी होऊ लागलेल्या २६ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी तिघींना डायलिसिस करावे लागले. २०२४ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिकत छापली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वर्षांत तिने तीनदा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिला उलट्या, जुलाब, ताप, पाठदुखी होऊन मूत्रपिंडावर परिणाम झाला. क्रीम लावताना डोक्याची आग होऊन टाळूवर जखमाही झाल्या होत्या. त्या क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्झिलिक आम्ल होते. तीच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिली, तर त्यांच्याही मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झालेटचे स्फटिक सापडले.

आपल्याकडे मुतखडा घरोघरी माहीत आहे. त्यातले बहुतेक खडे याच कॅल्शियम ऑक्झालेटचे असतात. येथे फरक इतकाच की खडा न होता बारीक स्फटिक मूत्रपिंडाच्या नळ्यांत साचतात आणि काम एकदम मंदावते. स्मूदनिंग करणाऱ्या प्रत्येकीला असे होते असे मुळीच नाही. पण ज्या गोष्टीने हे होऊ शकते, ती दर तीन महिन्यांनी करावी का, याचा विचार व्हावा.

अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांची सुमारे ११ वर्षे पाहणी झाली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. केस सरळ करण्याची रसायने कधीही न वापरलेल्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असावे असा तो अंदाज आहे. रसायनामुळेच कर्करोग झाला असे यावरून सिद्ध होत नाही. वारंवार वापर टाळावा, इतके मात्र नक्की म्हणता येते.

तरीही करायचेच असेल तर

बाटली आधी पाहायला मागा. घटकांची यादी, उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत नसलेली, सुट्या डब्यातून काढलेली क्रीम लावून घेऊ नका. नावाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डोक्याला जखम, पुरळ, खाज असताना करू नका. द्रावण टाळूपासून बोटभर दूर ठेवायला सांगा. आग होऊ लागली तर "सहन करा, त्यानेच केस सरळ होतात" हे ऐकू नका, लगेच धुवायला लावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, दमेकऱ्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि शाळकरी मुलींनी हे प्रकार टाळावेत. रिबॉन्डिंग झाले असेल तर पुढच्या वेळी फक्त मुळाकडच्या नव्या केसांना करावे. तोच केस पुन्हा उसवला तर तो तुटतोच.

केस सरळ केल्यानंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत मळमळ, उलट्या, पोटात किंवा कमरेत दुखणे, लघवी कमी होणे, टाळूवर फोड, धाप लागणे यांपैकी काही झाले तर "काही तरी खाण्यात आले असेल" म्हणून घरी थांबू नका. डॉक्टरांकडे जा आणि पार्लरला गेल्याचे आपण होऊन सांगा. रुग्ण लाजेने सांगत नाही आणि डॉक्टरच्याही ते डोक्यात येत नाही. रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी तालुक्याच्या गावीही होते. वेळेत कळले तर मूत्रपिंड बहुधा पूर्ववत होते. या काळात दुखणे थांबवण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांतील काही मूत्रपिंडावरचा भार वाढवतात.

शेवटी आई-वडिलांना दोन शब्द. कुरळे केस हा आजार नाही. ते नाकाच्या ठेवणीसारखे आई-बापाकडूनच आलेले असतात. पाहुणे बघायला येणार म्हणून मुलीला पार्लरमध्ये बसवण्याआधी तिला ते हवे आहे का, हे विचारावे. तिला हवे असेल तर वर दिलेली काळजी घेऊन जरूर करावे. नको असेल तर तेल, जाड दातांचा कंगवा आणि सैल वेणी यांवर कोणताही पावसाळा व्यवस्थित निघतो. वेणी थोडी फुगली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही.